राष्ट्राध्यक्षपद सोडून घरी आला, तेव्हा बर्फ पडत होता : थॉमस जेफरसन आणि त्याच्या वाफ्यांची गोष्ट

मार्च १८०९. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याची दुसरी टर्म नुकतीच संपली होती. वय ६५. ११ मार्चला तो वॉशिंग्टन सोडून व्हर्जिनियातल्या आपल्या घराकडे, मॉन्टिचेलोकडे निघाला. रस्ते चिखलाचे, त्यात शेवटच्या टप्प्यात बर्फाच्या वादळाने गाठलं. आठ तास त्या वादळातून घोडा हाकत तो १५ मार्चला घरी पोचला.

दोन दिवसांनी त्याने नवा राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसनला पत्र लिहिलं. युरोपातल्या युद्धामुळे अमेरिकेचा व्यापार अडचणीत होता, त्याची काळजी त्या पत्रात आहेच. पण त्याच्या जोडीने आणखी एक तक्रार आहे. यंदा वसंत फार लांबलाय, ओट्स पेरले गेलेले नाहीत, तंबाखूचं बी थोडंच पडलंय, बागेत फारसं काम झालेलं नाही. हिरवं म्हणावं असं फक्त तांबडा मेपल, विलो आणि लायलॅकवर दिसतंय.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस म्हणून जेफरसन जगाला माहीत आहे. पण या माणसाने जवळपास ६० वर्षं आणखी एक गोष्ट लिहून काढली. कोणत्या तारखेला काय पेरलं, कधी उगवलं, कधी ताटात आलं आणि कधी थंडीने मेलं. या वहीला आज ‘गार्डन बुक’ म्हणून ओळखलं जातं. तिच्यातली पहिली नोंद १७६६ ची आहे आणि शेवटची १८२४ ची.

ही वही वाचताना एक गोष्ट सतत समोर येते. या माणसाचं सगळ्यात जास्त भांडण कुणाशी झालं असेल, तर ते व्हर्जिनियाच्या वसंताशी.

वसंत म्हणजे नक्की काय भानगड?

आपल्याकडे पेरणीचं गणित पावसावर चालतं. मृग कधी लागतो, पहिला पाऊस किती पडतो, यावर शेतकऱ्याचा जीव टांगलेला असतो. व्हर्जिनियात हे गणित थंडीवर चालतं. फेब्रुवारीच्या शेवटी दक्षिणेकडून गरम वारं येतं, चार दिवस ऊन पडतं, पीचच्या झाडांना फुलं येतात. माणसाला वाटतं, सुटलो. आणि मग उत्तरेकडून थंड हवेचा लोट येतो. एका रात्रीत पारा शून्याखाली जातो, दव गोठतं आणि रोपाच्या पेशींतलं पाणीही गोठतं. पेशी फुटतात. सकाळी ऊन वर आलं की कोवळी रोपं उकडून काढल्यासारखी काळी पडलेली असतात.

असं मार्चमध्ये होतं, एप्रिलमध्ये होतं, कधीकधी मे महिन्यातही होतं.

मग बी पेरायचं कधी? लवकर पेरलं तर थंड, ओल्या मातीत ते कुजतं, आणि उगवलं तर गोठण्याची भीती. उशिरा पेरलं तर जूनची गरमी डोक्यावर येऊन बसते. वाटाणा, पालक, लेट्यूस यांना ती सोसत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी मरण. मधली जी काही आठवड्यांची फट उरते, तीही दरवर्षी सरकत असते.

किती सरकते? जेफरसनने १८१० ते १८१६ अशा सात वर्षांच्या नोंदींचा हिशोब मांडला होता. त्यात पीचला फुलं आल्याची सगळ्यात लवकरची तारीख ९ मार्च आहे आणि सगळ्यात उशिराची ४ एप्रिल. एकाच डोंगरावर २६ दिवसांचा फरक. ज्याला फेब्रुवारीत बी मातीत टाकायचंय, त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

२३ व्या वर्षी सुरू झालेली वही

जेफरसनचा जन्म १३ एप्रिल १७४३ चा, व्हर्जिनियातल्या शॅडवेल इथला. वडील पीटर जेफरसन जमीनदार आणि सर्वेक्षक. ते १७५७ साली वारले, तेव्हा थॉमस १४ वर्षांचा होता. जमीन आणि त्या जमिनीवर राबणारी गुलाम माणसं, दोन्ही त्याच्याकडे वारशाने आली. पुढे त्याने कॉलेज केलं, वकिलीचा अभ्यास केला.

३० मार्च १७६६ ला त्याने वहीत पहिली ओळ लिहिली. जांभळा हायसिंथ फुलायला लागला, एवढंच. पुढच्या काही दिवसांत कोणतं फूल उमललं, कोणतं गळलं, अशा नोंदी आहेत. वाचायला कोरड्या आहेत, त्यात कविता वगैरे काही नाही.

पुढच्या वर्षी मात्र तो कामाला लागला. २० फेब्रुवारी १७६७ ला त्याने वाटाण्याचे दोन वाफे पेरले, एक लवकर येणाऱ्या वाणाचा आणि एक मध्यम मुदतीच्या वाणाचा. पेरण्याआधी त्याने ५०० दाण्यांचं वजन केलं आणि एका पिंटच्या मापात किती दाणे मावतात याचा अंदाज काढला. लवकरच्या वाणाच्या शेंगा एप्रिलच्या शेवटी ताटात आल्या.

दोन वाण एकाच दिवशी पेरण्यामागची युक्ती साधी होती. एकाला थंडीने मारलं तर दुसरा हाताशी असतो. ही सवय त्याने आयुष्यभर सोडली नाही.

शॅडवेलजवळच्या एका डोंगरमाथ्यावर त्याने नवं घर बांधायला घेतलं होतं. तेच मॉन्टिचेलो, इटालियन भाषेत लहान डोंगर. समुद्रसपाटीपासून ८६७ फूट. शहाणा माणूस अशा जागी घर बांधणार नाही, कारण वर पाणी नाही. विहिरीसाठी खडक फोडत ६५ फूट खाली जावं लागलं आणि तरी ती विहीर वरचेवर आटायची. १७७० मध्ये शॅडवेलचं घर जळालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो डोंगरावरच्या एका खोलीत राहायला गेला. १ जानेवारी १७७२ ला त्याचं मार्था वेल्स स्केल्टनशी लग्न झालं. नवरानवरी या डोंगरावर आले ते बर्फ तुडवत. त्या जानेवारीच्या २६ तारखेला वहीत नोंद आहे : आजवर पाहिलेला सगळ्यात खोल बर्फ, सुमारे तीन फूट.

५ मे १७७४ : सगळं काळं पडलं

१७७३ च्या शेवटी फिलिप माझेई नावाचा इटालियन माणूस व्हर्जिनियात आला. त्याला इथे द्राक्षं, ऑलिव्ह आणि रेशीम करायचं होतं. सोबत तिकडचे कामगार आणि बियाणं होतं. जेफरसनची आणि त्याची लगेच गट्टी जमली. मॉन्टिचेलोच्या शेजारीच माझेईला जमीन मिळाली. १७७४ च्या मार्चमध्ये जेफरसनच्या वहीत एकदम इटालियन नावं दिसू लागतात. टस्कनीचा लसूण, रॅडिकिओ, अशी एकामागून एक बियाणी मातीत गेली. तोवरच्या सगळ्या वर्षांपेक्षा मोठी पेरणी होती ती.

मार्च गेला, एप्रिल गेला. रोपं वर आली. आता धोका टळला असं कुणालाही वाटलं असतं.

४ मेला पश्चिमेकडचा ब्लू रिज डोंगर बर्फाने पांढरा झाला. दुसऱ्या दिवशीच्या थंडीने जवळपास सगळं मारलं. गहू, राय, मका, तंबाखूची रोपं, द्राक्षाच्या वेलींचे सगळे कोंब. मोठ्या झाडांची पानंसुद्धा जळाली. जेफरसनने लिहून ठेवलंय की हे फक्त त्याच्याकडे झालं नाही, शेजारच्या वसाहतींतही असंच झालं.

पण त्याच नोंदीत आणखी एक निरीक्षण आहे. आजूबाजूला सगळीकडे फळं शंभर टक्के गेली. मॉन्टिचेलोवर निम्मीच गेली. आणि त्याआधी तिथे थंडीने फळ गेल्याचं एकही उदाहरण नव्हतं.

असं का? डोंगर उंच, म्हणजे तिथे जास्त थंडी हवी ना?

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलटं होतं. जमीन उष्णता सोडते, तिच्यालगतची हवा गार होते. गार हवा जड असते, म्हणून ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि दरीत साचते. वरच्या उतारावर तिची जागा तुलनेने गरम हवा घेते. त्यामुळे दरीतली झाडं गोठतात आणि माथ्याजवळची वाचतात. जेफरसनने हा फरक ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ या आपल्या पुस्तकात मांडला. या डोंगरावर वस्ती झाल्यापासूनच्या ४० वर्षांत फळं पूर्ण जाण्याचे प्रसंग दोनच, आणि भोवतालच्या मुलखात मात्र गेल्या सात वर्षांत फळं फक्त दोनदा वाचली, असा त्याचा हिशोब आहे. पाण्याला महाग असलेली ती वेडी जागा रोपांसाठी अशी नशीबवान निघाली. हे बघून त्याने जागा निवडली होती का? तर नाही. त्याला उंचावरून दिसणारा देखावा आवडायचा.

ते १७७४ चं वर्ष वेगळ्याच कारणाने इतिहासात गेलं. बॉस्टन बंदर बंद करण्याच्या ब्रिटिश निर्णयाविरोधात व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहाने ठराव केला आणि २६ मे रोजी गव्हर्नरने ते गृहच बरखास्त केलं. जेफरसन त्याचा सदस्य होता. मेलेल्या रोपांच्या नोंदीनंतर तीन आठवड्यांत तो बंडाच्या राजकारणात उतरला. पुढची ३५ वर्षं बाग बहुतेक वेळा त्याच्यापासून लांबच राहिली.

घरापासून लांब, पण डोक्यात वाटाणे

जुलै १७७६, फिलाडेल्फिया. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर होत असताना जेफरसनने तिथल्या दुकानातून थर्मामीटर विकत घेतला. ४ जुलैला सकाळी सहा वाजता ६८ अंश फॅरनहाइट, दुपारी एकला ७६ अंश, म्हणजे साधारण २० ते २४ अंश सेल्सिअस. हे आकडे त्याच्या नोंदींत आहेत. देश जन्माला येत होता आणि हा माणूस पारा बघत होता. हवामानाच्या या नोंदी त्याने मरेपर्यंत चालू ठेवल्या, मधल्या काही खंडांसह.

१७८२ मध्ये बायको वारली. १७८४ ते १७८९ तो फ्रान्समध्ये होता, आणि तिथे पॅरिसच्या घरामागच्या बागेत त्याने अमेरिकन मका लावला. परत आल्यावर परराष्ट्रमंत्री झाला. तेव्हा राजधानी न्यूयॉर्कला होती. जून १७९० मध्ये तिथून त्याने धाकट्या मुलीला, ११ वर्षांच्या मारियाला पत्र लिहिलं. इथे वाटाणे आणि स्ट्रॉबेरी ८ जूनला आल्या, पाकोळ्या २१ एप्रिलला दिसल्या, तुमच्याकडे कधी? बापाने लहान मुलीला पाठवलेलं हे पत्र प्रश्नपत्रिकाच वाटते, पण त्यामागे त्याला हवी होती ती एकच गोष्ट. दोन ठिकाणच्या वसंतात किती दिवसांचं अंतर आहे, हे त्याला कळायला हवं होतं.

१७९३ मध्ये मोठ्या मुलीने, मार्थाने कळवलं की बागेत किडींनी धुमाकूळ घातलाय. जेफरसनचं उत्तर आजच्या कृषी अधिकाऱ्यालाही पटेल असं होतं. या हिवाळ्यात सगळ्या बागेवर शेणखताचा जाड थर द्यायचा. जमीन कसदार असेल तर रोप कीडही सोसतं आणि दुष्काळही.

राष्ट्राध्यक्ष असताना तर त्याने कमाल केली. वॉशिंग्टनच्या बाजारात कोणती भाजी सगळ्यात लवकर कधी दिसते आणि शेवटची कधी, याचा आठ वर्षांचा तक्ता केला. १८०१ ते १८०८, एकूण ३७ भाज्या. सरकार चालवता चालवता हे कधी केलं असेल, हा प्रश्न त्याच्या चरित्रकारांनाही पडतो.

डोंगर कापून केलेली बाग

निवृत्तीची तयारी त्याने पदावर असतानाच सुरू केली होती. मॉन्टिचेलोच्या आग्नेय उतारावर १००० फूट लांब आणि ८० फूट रुंद अशी सपाट पट्टी काढायची, खालच्या बाजूने दगडी भिंत घालायची आणि तिच्यावर भाजीपाला करायचा. जागा पुन्हा विचार करून निवडलेली होती. सकाळचं ऊन थेट मिळतं, वायव्येचं बोचरं वारं डोंगर अडवतो आणि थंड हवा उतारावरून खाली निघून जाते.

या पट्टीचे त्याने २४ चौकोन पाडले. १८१२ साली त्यांची वाटणीही ठरवली : फळासाठी घ्यायच्या भाज्या एकीकडे, मुळासाठीच्या दुसरीकडे, पानासाठीच्या तिसरीकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर वांगी, टोमॅटो एका रांगेत, गाजर, बीट दुसरीत आणि लेट्यूस, पालक तिसरीत. वरच्या कडेला बांधाच्या आडोशाला एक अरुंद पट्टा होता, तो सगळ्यात लवकरच्या पिकांसाठी. भिंतीच्या पायथ्याशीही वाफे होते. दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब शेजारच्या मातीला देतो. दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि कोवळ्या रोपासाठी तेवढा पुरतो.

मदतीला एक पुस्तक होतं. फिलाडेल्फियाचा बियाणे विक्रेता बर्नार्ड मॅकमहोन याने १८०६ मध्ये माळीकामाचं महिनावार पुस्तक काढलं होतं. जेफरसन त्याच्या सल्ल्याने चालायचा आणि त्याच्याकडून बी आणि कंद मागवायचा. पॅरिसहून आंद्रे तुआँ हा वनस्पतिशास्त्रज्ञ बियाण्यांच्या पेट्या पाठवायचा. १८०९ च्या उन्हाळ्यात मार्गारेट बेयर्ड स्मिथ ही लेखिका मॉन्टिचेलोला आली होती. तिने तिथली बियाण्यांची छोटी कपाटवजा खोली पाहिली. बारीक बी लहान बाटल्यांत, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि बाटल्या आकड्यांना टांगलेल्या. वाटाणा आणि घेवड्यासारखं मोठं बी पत्र्याच्या डब्यांत.

एवढी तयारी करून १८०९ चा हंगाम कसा गेला?

वाईट. त्या वर्षीच्या तक्त्यात रकाने आहेत : काय, कुठे, कधी पेरलं, कधी रोप हलवलं, ताटात कधी आलं, कधी संपलं. आणि शेवटी शेरा. या शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द वारंवार येतो, त्याचा अर्थ वाया गेलं. देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या वहीत स्वतःला नापास करत होता, तेही पानोपानी. लपवायचं म्हटलं तर कुणी विचारणारही नव्हतं.

पण याच वर्षांत त्याची पद्धत पक्की झाली. हवेचा अंदाज बांधता येत नाही, हे त्याने मान्य केलं आणि मग अंदाजावरचं ओझंच कमी केलं. एकदाच सगळं बी पेरायचं नाही. लेट्यूसचं उदाहरण बघा. १ फेब्रुवारीपासून १ सप्टेंबरपर्यंत दर सोमवारी सकाळी अंगुस्तानभर बी पेरायचं. शिवणकाम करणारे बोटात घालतात ते अंगुस्तान, त्यात मावेल एवढंच. एखाद्या सोमवारचं गोठलं तर नुकसान चिमूटभर, आणि पुढच्या सोमवारचं बी तयार असतं. वाटाण्याचंही तसंच. लवकरचे, मधले, उशिराचे असे पंधरा प्रकारचे वाण त्याने वेगवेगळ्या वर्षांत लावले आणि टप्प्याटप्प्याने पेरले. १८११ मध्ये चित्रकार चार्ल्स विल्सन पील या मित्राला लिहिताना त्याने आपण वयाने म्हातारे पण माळी म्हणून अजून शिकाऊ असल्याचं कबूल केलं होतं. एक पीक फसलं तर दुसरं भरून काढतं, हेच त्याला बागेत आवडायचं.

वाटाण्यावरून शेजाऱ्यांशी शर्यतही लागायची. ज्याच्या घरी वसंतात पहिले वाटाणे येतील, त्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं. बहुतेक वेळा जॉर्ज डायव्हर्स हा शेजारी जिंकायचा. घरच्यांनी सांगितलेली एक आठवण अशी आहे की एका वर्षी जेफरसनचे वाटाणे आधी आले. घरच्यांनी म्हटलं, आता बोलवा सगळ्यांना. हा गप्प राहिला. डायव्हर्सला पहिला येण्यात जो आनंद मिळतो, तो त्याला हिरावायचा नव्हता.

गोष्ट गोड आहे. पण इथेच थांबलं तर अर्धीच राहील.

हात कुणाचे होते?

१००० फुटांची ती पट्टी जेफरसनने कापली नाही. गुलाम म्हणून भाड्याने आणलेल्या सात माणसांच्या टोळीने ती कापली, हाताशी खेचराची एक गाडी. डोंगराची तांबडी माती उपसायला त्यांना तीन वर्षं लागली. त्यांच्यावर देखरेख करायला एडमंड बेकन हा मुकादम होता. आयुष्यभरात जेफरसनच्या मालकीची ६०० हून अधिक माणसं होती. सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिणाऱ्याच्या हिशोबवहीत माणसांच्या नावापुढे किंमत असायची.

बागेचं रोजचं काम ज्याने सांभाळलं, त्याचं नाव वर्मली ह्यूज. जन्म १७८१ चा, मॉन्टिचेलोच्या गुलाम कुटुंबांपैकी हेमिंग्ज कुटुंबातला. जिच्या मुलांचा बाप जेफरसन होता असं आज बहुतेक इतिहासकार मानतात, ती सॅली हेमिंग्ज ही वर्मलीची मावशी. लहानपणी तो खिळे बनवण्याच्या कारखान्यात राबला, पुढे माळी झाला, तबेलाही बघू लागला. घरासमोरच्या हिरवळीभोवती १८०७-०८ मध्ये फुलांचे लंबगोल वाफे आणि वळणाची वाट आखली गेली. हायसिंथ, ट्यूलिपचे कंद आले की वाफे वर्मली तयार करायचा. मग जेफरसन आणि त्याच्या नाती, अ‍ॅन आणि एलेन, कंद लावायला जमायचे. नातींच्या आठवणीत आजोबांचं प्रेम आहे. खणलेली माती कुणाची मेहनत होती, हे त्यात ओझरतं येतं.

आणखी एक बाब फार कमी सांगितली जाते. गुलाम कुटुंबांचे स्वतःचेही भाजीचे तुकडे असायचे. मालकाचं काम संपल्यावर, रात्री किंवा रविवारी त्यात खपायचं. नात अ‍ॅनने १८०५ ते १८०८ या काळात ठेवलेल्या हिशोबात दिसतं की मॉन्टिचेलोचं स्वयंपाकघर या लोकांकडून पैसे देऊन काकड्या, कोबी, कोंबड्या आणि अंडी विकत घ्यायचं. त्यांच्याकडे ना पुस्तक होतं ना पॅरिसहून येणारी पेटी. त्यांचंही बी त्याच बेभरवशाच्या वसंतात उगवायचं. त्यांच्या पेरणीच्या तारखा मात्र कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

तिळाची गोष्टही अशीच. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियात तिळाला बेने म्हणत. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांसोबत तो तिकडे पोचला, हे जेफरसनने स्वतः नमूद केलंय. सॅलडसाठी ऑलिव्हऐवजी तिळाचं तेल वापरता येईल या कल्पनेने तो भारावून गेला आणि काही वर्षं तीळ लावून बघत राहिला. तीळ उष्ण हवेचं पीक, व्हर्जिनियाच्या डोंगरावर त्याला हंगाम तोकडा पडतो. पीक काही रुजलं नाही.

उन्हाळा न आलेलं वर्ष

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या धुळीने आणि वायूंनी पुढच्या वर्षी उत्तर गोलार्धात सूर्यप्रकाश मंदावला. १८१६ हे वर्ष उन्हाळ्याविना गेलेलं वर्ष म्हणून ओळखलं जातं. जेफरसनला कारण माहीत असण्याची शक्यताच नव्हती. त्याला फक्त परिणाम दिसत होता. वसंत थंड, उन्हाळा सौम्य हिवाळ्यासारखा, वर दुष्काळ. सप्टेंबरमध्ये त्याने मित्र अल्बर्ट गॅलाटिनला आकडे कळवले : जूनचा सरासरी पाऊस पावणेचार इंच, पडला एक इंचाचा तिसरा भाग. ऑगस्टचा सरासरी नऊ इंचांच्या वर, पडला एक इंचापेक्षा कमी. मक्याचं पीक मोठ्या प्रमाणात बुडालं.

आधीच कर्जात असलेल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं. वारशाने आलेलं सासऱ्याचं कर्ज, न थांबणारी बांधकामं, पाहुण्यांचा राबता, पडलेले शेतमालाचे भाव आणि एका नातेवाइकाला दिलेली हमी अंगाशी आलेली. सगळं साचत गेलं. लेट्यूसचं बी अंगुस्तानाने मोजणाऱ्याला खर्चाचा हिशोब कधी जमला नाही. तोही तो रोज लिहायचा, फक्त बेरीज करायचा नाही.

४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, जेफरसन वारला. कर्ज एक लाख डॉलरच्या वर होतं. त्याची कबर वर्मली ह्यूजने खणली.

जानेवारी १८२७ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, मॉन्टिचेलोच्या अंगणात लिलाव झाला. भांडीकुंडी, जनावरं, अवजारं आणि १३० माणसं. वर्मलीला मुलगी मार्थाने कागदपत्रांशिवाय मोकळं केलं होतं, पण त्याची बायको अर्सुला आणि मुलं लिलावात उभी होती. जेफरसनच्या नातवाने अर्सुलाला आणि काही मुलांना विकत घेतलं, म्हणून ते कुटुंब निदान थोडंफार एकत्र राहिलं. बाकी अनेक घरं त्या दिवशी कायमची फुटली.

पुढे १८५० च्या दशकात हेन्री रँडॉल जेफरसनचं मोठं चरित्र लिहीत होता. तो वर्मलीला भेटला. पाहुण्यांच्या गाड्यांनी गाडीखाने किती वेळा भरायचे, असं त्याने विचारलं आणि म्हाताऱ्या वर्मलीने जुन्या दिवसांबद्दल सांगितलं. १८५८ मध्ये चरित्र छापून आलं आणि त्याच वर्षी वर्मली गेला.

मॉन्टिचेलो १८३१ मध्ये विकलं गेलं. भाजीच्या पट्टीवर गवत माजलं, भिंत ढासळली, दगड मातीखाली गेले. १९२३ मध्ये एका संस्थेने वास्तू ताब्यात घेतली. फुलांचे वाफे १९३९-४० च्या सुमारास पुन्हा आखले गेले. भाजीच्या बागेची पाळी १९७९ मध्ये आली. पुरातत्त्वज्ञांनी माती उकरली, तेव्हा भिंतीचा पाया सापडला, कुंपणाच्या खांबांचे खड्डे सापडले, आणि कोणता चौकोन कुठे होता ते कळलं. कशात काय लावायचं, हे मात्र वहीतून घ्यावं लागलं.